मावशीच्या टेबलावरचे उजेड

टेबलावर पाच वस्तू होत्या: मेणबत्ती, काडेपेटी, काचेच्या वाडग्यात पाणी, सॅटिनचा तुकडा आणि लाल नाईट लॅम्प. पडदे ओढलेले. भर दुपारी खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटत होती.

मावशी इंग्रजी कादंबऱ्या मराठीत आणते. उजेडाचा शब्द आला की डिक्शनरी बाजूला सारते आणि तो उजेडच टेबलावर मांडून बघते. ग्लो आतून येतो, त्याला ज्योत लागत नाही. फ्लिकर विझू-विझू करतो. शिमर हलत्या पाण्यावर पसरतो, शीन कापडावर अंग टाकून पडून राहते. हे मी याच टेबलाशी शिकले, फिजिक्स नंतर.

आता तिचा एक डोळा गेलाय. ऑपरेशन झालेल्या दुसऱ्याची पट्टी काल निघाली. ‘एक मीटरपलीकडचा उजेड ओळखता आला, तरच पुढच्या ऑपरेशनला अर्थ आहे,’ असं डॉक्टर म्हणाले.

मी मेणबत्ती लावली.

"फ्लिकर!"

"काडी ओढल्याचा आवाज ऐकलास."

"बरं बाई, पोलिसात जा तू."

मेणबत्ती विझवली. मग नाईट लॅम्पचं बटण दाबलं. प्लग मुद्दाम काढून ठेवला होता.

"ग्लो," ती हलकेच म्हणाली. चेहराही उजळला तिचा.

मी बटण बंद केलं.

"लागलाच नव्हता ना?"

"नाही."

"पण काय सुंदर होता गं!"

पाणी हलवलं, तर ते वाजलं. सॅटिन तिला दिसलंच नाही. मी सगळं तसंच टाकून भिंतीलगतच्या स्टुलावर जाऊन बसले.

"ग्लिंट," मावशी म्हणाली.

"कुठे?"

"तुझ्याकडे. बारीक, कडक. टोचलं आणि गेलं."

पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती. ती माझ्या चष्म्याच्या काचेवर पडत होती. मी आवाज न करता मान पुन्हा तिकडे वळवली.

"आलं."

मान फिरवली.

"गेलं. खेळतेस होय गं माझ्याशी?"

मग मी मान कधी वळवली, कधी तशीच ठेवली. दहा वेळा. ती एकदाही चुकली नाही.

"हलू नकोस," मी म्हणाले आणि मोजायच्या टेपचं एक टोक तिच्या हातात देऊन पुन्हा स्टुलावर बसले. तिच्या भुवईपासून माझ्या चष्म्यापर्यंत अंतर भरलं एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर.