पळीचा दांडा

हर्षालीला बघायला आलेली आधीची दोन्ही स्थळं पोहे संपायच्या आत उठली होती. एकाने भिंतीवरच्या लाकडी रायफलीला 'बंदूक' म्हटलं. दुसरा म्हणाला, "फुगे फोडायचीय का?" झालं! तिचा बाप भगीरथ हवालदार. जन्मभर फौजेत रायफली दुरुस्त केल्या आणि पेन्शनीत आल्यावर जुन्या लढायांतल्या रायफली शिवणीच्या लाकडात हुबेहूब कोरत बसला. अख्ख्या मुरबाड तालुक्यात असा सासरा दुसरा नाही, आणि नाही तेच बरं.

किन्हवलीच्या प्रणितला मात्र लग्न करायचं तर हर्षालीशीच. तिलाही तोच हवा होता. म्हणून तिने फोनवर खऱ्या रायफलींचे फोटो धाडून त्याच्याकडून सगळं घोकून घेतलं. बिचारा भाताला खत टाकतानाही पुटपुटायचा. आईला वाटलं, पोराला काहीतरी लागलंय.

ओटीवर पाहुणे टेकले. प्रणितच्या कुंडलिकमामाने खाकरून पगाराचा विषय काढला.

"पगाराचं मागनं बघू," म्हणत हवालदाराने भिंतीवरून रायफली उतरवल्या. "या दोनी इंग्रजांच्या. फरक सांग."

"हिचं नाक बसकं," प्रणित म्हणाला. "लाकूड पार नळीच्या टोकापर्यंत. ही पयल्या महायुद्धातली. हिची नळी बाहेर डोकावते, नेम धरायची फट मागं डोळ्याशी आलीय. ही दुसऱ्यातली."

"आन ही?"

"जर्मन. गोळ्यांची पेटी पोटातच. बोल्टाचा दांडा सरळ, म्हंजे जुनी. पुढं त्यांनी तो खाली वाकवला."

"बोल्ट म्हंजे काय रे भाच्या?" मामाने मध्येच तोंड घातलं.

"खिट्टी, मामा. दांडा धरून मागं ओढायची, पुढं ढकलली का गोळी आत."

"आपल्या गोठ्याच्या दाराला हाय तशी?"

हवालदाराने मामाकडे असं बघितलं की मामाने उरलेले पोहे मुकाट्याने संपवले.

"ही शेवटची?"

प्रणितने बघितलं आणि त्याला घाम फुटला. चापाच्या पुढची छोटी पेटी, पट्ट्याची भोकं, सगळं रशियन. रशियन रायफलीचा दांडा सरळ हवा, हर्षालीने दहादा बजावलं होतं. इथे तो खाली वाकलेला! पडद्याआड हर्षालीने कपाळावर हात मारला. चहा घेऊन आलेली तिची आई लहानी दारातच थिजली आणि कपबश्या खडखडायला लागल्या. हे सासूबाईंचंच काम, प्रणितने ओळखलं. रशियन नाही म्हणावं तर हवालदार हाकलणार. दांडा चुकला म्हणावं तर सासूबाई जन्माच्या दुखावणार. देवा रे!

"दुर्बीणवाली रशियन," तो म्हणाला. "वर दुर्बीण बसवली का सरळ दांडा उचलताना तिला आपटतो. म्हनून वाकवला."

"शाब्बास!" हवालदाराने मांडीवर थाप मारली. मग थांबला. "पन मी दुर्बीणवाली केलीच नाय."

डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून त्याने दांडा बोटांनी चाचपला.

"लहाने! ही तर पळी!"

"हां, पळीच!" लहानीने ट्रे आदळला. "हिनंच जांभळं पाडताना मोडला माझ्याकडनं तुमचा दांडा. मग पळीचा बसवला. इतकी वर्सं दसऱ्याला हिला माळ मीच घालतंय, ती काय हौस म्हनून? दांडा झाकाया! डोळ्याचं आपरेशन करा म्हनतंय तं ऐकत नाय!"

मामाने ट्रेतला कप उचलला, पहिल्याच घोटाला हसला नि चहा नाकातून आला. प्रणितची नजर दाराबाहेरच्या चपलांकडे गेली. तेवढ्यात लहानी म्हणाली, "पोरगा मला पसंत हाय. माझी लाज राखाया खोटं बोलला."

"खोटं?" हवालदार गरजला. "एक अक्षर खोटं नाय! वाकडा दांडा म्हंजे दुर्बीणवालीच. बरोबर बोलला, म्हनून पयला मला पसंत!"

"पयला मला!"

"मला!"

चहा निवला. पोरीला कुणी विचारलंसुद्धा नाही. ती पडद्याआड तोंडात पदर कोंबून हसत होती.

"बरं, तुमाला पयला," लहानी शेवटी म्हणाली. "पन दुर्बीणवाली तं दुर्बीण कुठंय हिच्यावं?"

हवालदाराने बायकोकडे बघितलं, रायफलीकडे बघितलं, मग ती उचलून सरळ प्रणितच्या मांडीवर ठेवली.

"जावई करील," तो म्हणाला.