सासूबाईंचा अंगठा

आमच्या कारखान्यात डब्याचं झाकण सहज उघडतं की नाही हे ठरवायला यंत्र नाही, सासूबाई आहेत. खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत त्या बसतात. नवा डबा समोरच्या टेबलावर ठेवला जातो. त्या उजवा अंगठा झाकणाच्या कडेखाली घालतात आणि उचलतात. झाकण निघालं तर ते सहज उघडणारं झाकण. नाही निघालं तर साचा मोडीत जातो आणि मी पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसते, कारण या घरातली झाकणं आखायचं काम माझं आहे.

झाकण घट्ट बसतं की नाही हे ठरवायला भावजी आहेत, म्हणजे माझे धाकटे दीर. त्यासाठी डब्यात निळी शाई कालवलेलं पाणी भरायचं, झाकण लावायचं, डबा उलटा करून छताच्या हुकाला टांगायचा आणि भावजींनी पांढरा शर्ट घालून त्याच्या बरोबर खाली बसून जेवायचं. जेवण होईपर्यंत शर्ट पांढरा राहिला तर झाकण पक्कं. ही पद्धत सासऱ्यांनी घालून दिली. सासरे गेले, पद्धत राहिली. लग्न करून आले तेव्हा मला वाटलं होतं, कुठल्या घरात येऊन पडले मी. मग मी आखलेल्या पहिल्याच झाकणाने भावजी कमरेपर्यंत निळे झाले, आणि तेव्हापासून मी पद्धतीला नावं ठेवणं सोडून दिलं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना फिरतीवर गेलेल्या माझ्या नवऱ्याचे फोन यायला लागले. एका दुकानात गिऱ्हाईक शिंकलं आणि फळीवरच्या सगळ्या डब्यांची झाकणं उडाली. दुसरीकडे एका बाईंनी डब्याला हातही लावला नव्हता, नुसती किंमत विचारली, तर झाकण खाली पडलं. तिसऱ्या दुकानदाराने आमचे डबे दारापासून लांब ठेवले होते, कारण दार जरा जोरात लागलं की साखर, पीठ आणि खिळे एकत्र होत. नवरा म्हणाला, तू नक्की काय आखतेस? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं प्रत्येक झाकण आईंच्या अंगठ्याखालून आणि भावजींच्या डोक्यावरून गेलेलं होतं. मी फोन आपटला, आणि गोदामात रचलेल्या डब्यांची झाकणं एका दमात खाली आली.

मी तडक भावजींच्या जेवणाच्या खोलीकडे गेले. ते दार लावून जेवत. आम्हाला वाटायचं, लाजतात. त्या दिवशी मी दार ढकललं. भावजी रेनकोट घालून, टोपी हनुवटीखाली बांधून जेवत होते. पांढरा शर्ट मागे खुंटीला कोरडाठाक टांगलेला होता. वरून निळं पाणी टपटप ताटात पडत होतं आणि ते चमच्याने निळा भात बाजूला सारून पांढरा शोधत होते.

मला बघून त्यांनी आधी घास गिळला. मग म्हणाले, "वहिनी, आईच्या अंगठ्यात आता जोर राहिलेला नाही. तू आखतेस तसं झाकण केलं तर तिला उघडायचं नाही. म्हणून मी साचा दर खेपेला जरासा सैल करून घेतो."

मी म्हटलं, मग सरळ सांगून टाका ना त्यांना. भावजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांचा रेनकोट काढून घ्यायला आले होते. ते म्हणाले, आणि ती खुर्चीतून उठली म्हणजे? त्या खुर्चीची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

सासूबाईंच्या आधी त्या खुर्चीत त्यांच्या सासूबाई बसत. एक दिवस त्यांना एक झाकण उघडलं नाही. त्या आपण होऊन उठल्या, घरी गेल्या, आणि त्यानंतर त्यांनी काहीच उघडलं नाही. आधी डबे सोडले, मग खिडक्या, मग पाकिटं, आणि शेवटी तोंड. जेवणापुरतं उघडत, बोलण्यासाठी नाही. त्यांच्या त्या उठण्याला मान म्हणून खुर्ची मिळाल्यावर सासूबाईंनी नियमच करून टाकला, की ज्याला झाकण उघडत नाही त्याने आपण होऊन उठायचं, कुणी सांगायची वाट बघायची नाही. नियम त्यांचाच असल्यामुळे तो मोडायला त्या कुणाचं ऐकणार नव्हत्या. आणि मला त्या तोंड मिटून कोपऱ्यात बसलेल्या नको होत्या. दिवसभर त्या मला बोलतात, माझ्या पेन्सिलीला टोक नसतं इथपासून सुरुवात करतात, पण ते बोलणं बंद झालेलं घर मला डोळ्यांपुढे आणवेना.

त्या दिवसापासून मी त्यांच्या हातांवर नजर ठेवली. चहाचा कप त्या दोन्ही हातांनी धरत. गुंडी लागली नाही की उकडतंय म्हणत. आणि घरातला एकही नळ पूर्ण बंद नसे. मी त्यावरून किती वेळा डोकं आपटलं होतं, पाणी वाया जातं म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. त्या गुपचूप ऐकून घेत आणि नळ पुन्हा ठिबकत ठेवत, म्हणजे पुढच्या वेळी पिळावा लागू नये. मला माझीच लाज वाटली.

इतक्यात आमचे डबे घेणाऱ्या मोठ्या दुकानांच्या साखळीतल्या खरेदीवाल्या बाईंचा निरोप आला. त्या स्वतः येऊन दोन्ही चाचण्या बघणार होत्या. डबा एकच, चाचण्या दोन्ही, आणि सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत. झाकण गळलं तर सगळे डबे परत येणार. झाकण उघडलं नाही तर सासूबाई उठणार.

मी कामाला लागले. झाकणाला जीभ काढली. सासूबाई म्हणाल्या, डब्याची जीभ धरून ओढायची म्हणजे काय, तो काय शाळेतला पोर आहे? बाजूला खटका बसवला. त्या म्हणाल्या, खटका पेटीला असतो. शेवटी मी नुसतं विचारून बघितलं, की आई, तळहाताने दाबलं की उघडेल असं झाकण केलं तर? त्यांनी अंगठा वर करून माझ्या नाकासमोर धरला. "डबा याने उघडतात," त्या म्हणाल्या. "याने होत नसेल त्याने खुर्ची सोडावी." घोडं तिथेच पेंड खात होतं.

मग एका संध्याकाळी मी त्यांना खुर्चीतून उठताना बघितलं. तशी रोजच बघत होते, पण त्या दिवशी नीट बघितलं. उठायला त्या कुणाचा हात घेत नाहीत, कुणी पुढे केला तर त्यावर पिशवी ठेवतात. समोरच्या टेबलावर जो डबा असेल त्याच्या डोक्यावर त्या तळहात टेकवतात, सगळा भार त्यावर टाकतात आणि उभ्या राहतात. अंगठ्यातला जोर गेला होता, पण वजन सगळं जागच्या जागी होतं. मी तशीच टेबलाकडे गेले आणि उघडण्याचं झाकण आखायचं सोडून खुर्चीतून उठण्याचं झाकण आखायला घेतलं.

झाकणाच्या मधोमध पालथ्या वाटीसारखा फुगवटा, आणि कड इतकी घट्ट की माझ्याही अंगठ्याने हलू नये. फुगवट्यावर वरून भार पडला की तो आत बसतो आणि कड चारी बाजूंनी वर उचलली जाते. पहिला नमुना आला तेव्हा आम्ही डबे एकावर एक रचले, आणि वरच्याने खालच्याचं, खालच्याने त्याच्या खालच्याचं, असं करत अख्ख्या मनोऱ्याने एकमेकांची झाकणं उघडली. भावजी म्हणाले, घरातली माणसं अशी एकमेकांच्या उपयोगी पडली असती तर. मग मी डब्याचं बूड आत घेतलं आणि कडेने पाय दिला. आता वरचा डबा खालच्याच्या काठावर उभा राहायचा आणि फुगवटा पोकळीत सुखरूप असायचा. मनोरा छताला लागला तरी हलला नाही.

भावजींनी रेनकोट काढून ठेवला आणि ते टांगलेल्या नव्या डब्याखाली जेवायला बसले. सवयीने मान खांद्यात घालूनच बसले होते. जेवण झालं तरी वरून थेंब पडला नाही. त्यांनी केसांवरून हात फिरवला, हाताकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, वहिनी, भाताला चव असते हे मी विसरलोच होतो.

मात्र आईंना यातलं अक्षर सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर दाबायचं झाकण म्हणून त्यांनी ते टेबलावर येऊच दिलं नसतं. भावजींनी विचारलं, ती उठलीच नाही तर? मी म्हटलं, उठतील. म्हणाले, आणि उठून डब्याला हात न लावता गेली तर? एका परक्या बाईसमोर मी त्यांना हरू देणार होते, या एकाच आशेवर की हरल्यावर त्या नेहमीसारख्याच उठतील. असली सून शत्रूलाही मिळू नये असं मला वाटत होतं.

खरेदीवाल्या बाई आल्या. चष्मा पुसून त्या भावजींच्या शेजारी बसल्या आणि त्यांचं जेवण शेवटच्या घासापर्यंत बघितलं. शर्ट तपासला, कॉलर उलटी करून बघितली, काखही बघितली. मग तोच डबा, निळ्या पाण्यासकट, सुलटा करून सासूबाईंच्या टेबलावर ठेवला गेला.

सासूबाईंनी अंगठा कडेखाली घातला. झाकण हललं नाही. त्यांनी पुन्हा घातला. अंगठा पांढरा पडला. मग त्यांनी कधी नव्हे तो डावा अंगठा लावला. माझ्याने तिकडे बघवेना. भावजी खुंटीवरच्या रेनकोटाकडे बघत होते. त्यांना तो घालावासा वाटत असणार, मलाही वाटत होता.

सासूबाईंनी हात मांडीवर ठेवले. "मला उघडत नाही," त्या खरेदीवाल्या बाईंना म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "झाकणात दोष नाही. दोष अंगठ्यात आहे." मग त्यांनी पिशवी काखेत मारली, तळहात डब्यावर टेकवला आणि उठायला लागल्या.

टक् असा आवाज झाला.

झाकण चारी बाजूंनी सुटून वर आलं होतं. आत निळं पाणी नुसतं थरथरत होतं, टेबलावर थेंब नव्हता. सासूबाई अर्ध्या उठलेल्या, अर्ध्या वाकलेल्या, तशाच थांबल्या. त्यांनी झाकणाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि सावकाश खाली बसल्या. कोपराने कड दाबून झाकण पुन्हा बसवलं, तसा फुगवटा वर आला. तळहात टेकवला, उठल्या. टक्. बसल्या. झाकण बसवून पुन्हा उठल्या. टक्.

खरेदीवाल्या बाईंनी चष्मा काढला. त्यांनी विचारलं, हे असंच उघडायचं असतं का?

"मग काय," सासूबाई म्हणाल्या. "बसल्या बसल्या डबा उघडायचा असतो का कुठे?"

खरेदीवाल्या बाईंना हे इतकं पटलं की त्या स्वतः खुर्चीत बसून उठून बघायला लागल्या. जाताना त्यांनी एकच अट घातली, की कृती डब्यावर छापा. आता आमच्या प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं: आधी बसा, मग टेकून उठा. नवऱ्याचे फोन अजून येतात. एका गिऱ्हाइकाने डबा परत आणला, कारण त्याच्या स्वयंपाकघरात खुर्ची नव्हती. एका आजोबांना डबा इतका आवडला की ते आता रिकामाच घेऊन हिंडतात, बसतील तिथे पुढ्यात ठेवतात. पण शिंकेने झाकण उडाल्याची तक्रार नाही. भावजी आता दार उघडं टाकून जेवतात.

त्या दिवशी संध्याकाळी मी टेबलाशेजारी खाली बसून नमुने खोक्यात भरत होते. सगळे डबे भरून झाले होते. सासूबाईंनी घरी जायला पिशवी उचलली आणि सवयीने टेबलावर हात नेला. टेबल रिकामं होतं. त्यांचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मी खोक्यातून डबा काढणार, तोवर तो माझ्या खांद्यावर आला, आणि मग त्यांचा सगळा भार आला. त्या उभ्या राहिल्या.

हात काढतील असं मला वाटलं होतं. त्यांनी काढला नाही.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काय ठाऊक होतं?

त्यांनी दुसऱ्या हाताने पिशवी काखेत मारली. मग म्हणाल्या, "घरातल्या नळांचंही काहीतरी बघ. मला पिळत नाहीत."

"बघते, आई," मी म्हटलं, आणि त्या चालायला लागेपर्यंत खांदा हलू दिला नाही.