मामा गेला म्हणजे कुठे गेला?

जुन्या पडद्याच्या उरलेल्या तुकड्यातून माझा जन्म झाला, मित्रांनो. मी एक कापडी बाहुली आहे. पोटात कापूस आणि डोळ्यांच्या जागी दोन बटणे, तीही एका मापाची नाहीत. ज्या मुलांना बोलणे जड जाते त्यांना शिकवणाऱ्या एका बाईंनी मला शिवले. मुले त्यांना 'बोलक्या बाई' म्हणत. बाईंचे शिवणकाम यथातथाच होते, म्हणून माझी मान आजही एका बाजूला कललेली आहे. मुलांना वाटे, बाहुली आपले बोलणे लक्ष देऊन ऐकते आहे. मग मलाही ती सवयच लागली.

बाईंच्या खोलीत एक बुटके टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर आरसा होता. तिथे येणाऱ्या काही मुलांच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असे, आणि ती इतकी क्वचित आढळणारी, की डॉक्टरसुद्धा पुस्तक काढून बघत. कुणाला शब्दच फुटत नसे. कुणाला शब्द येत, पण समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते उमगत नसे.

माझे काम सोपे होते. मी लाल डबीत गोटी ठेवायची आणि खोलीबाहेर जायचे. म्हणजे बाई मला दाराआड बसवत. मी नसताना त्या गोटी निळ्या डबीत टाकत, मला आत आणत आणि मुलाला विचारत, "आता बाहुली गोटी कुठे शोधेल?" तुम्ही चटकन म्हणाल, लाल डबीत, तिला बिचारीला कुठे ठाऊक आहे गोटी हलवली ते! पण आपल्याला ठाऊक असलेले दुसऱ्याला ठाऊक नसते, हे कळायला काही मुलांना फार मोठा पल्ला गाठावा लागतो.

अशीच एक मुलगी होती, आठ वर्षांची. दिवसभर तोंड चालू, म्हणून घरात तिला टकळी म्हणत. तिचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांच्या नखांतला रंग कधी निघत नसे. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल हिच्या डोक्यात तयारच झालेला नाही, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते. टकळीकडे शब्दांना तोटा नव्हता, पण आडवळणाचे बोलणे तिला कळत नसे. बाबा म्हणाले, "पोटात कावळे ओरडताहेत," की ही त्यांच्या पोटाला कान लावी आणि गंभीरपणे सांगे, "एकही नाहीये."

गोटीच्या खेळात ती दर वेळी निळ्या डबीवर बोट ठेवी. "गोटी तिथे आहे ना? मग बाहुली तिथेच शोधणार." बाई वहीत काहीतरी लिहीत आणि पुन्हा मला दाराआड नेत.

एक दिवस बाबा एकटेच आले आणि लहान मुलांच्या खुर्चीत अवघडून बसले. टकळीचा मामा त्यांच्याच घरी राहत असे. तिला रोज शाळेत सोडणारा, तिचे तेच तेच प्रश्न न कंटाळता ऐकणारा तोच होता. तो आजारी पडला आणि दवाखान्यातच वारला. आईने घरी येऊन टकळीला जवळ घेतले आणि म्हटले, "मामा गेला गं." टकळीने मामाचे बूट पुसून दाराशी ठेवले. भेटायला आलेल्या माणसांना ती सांगू लागली, "रडू नका, येईल तो. बूट न घालताच गेलाय." एका काकूंना रडता रडता उचकी लागली, तर ही खळखळून हसली.

"तिची आई आठवडाभर तिच्याशी बोललेली नाही," बाबा खाली बघत म्हणाले. "म्हणते, हिला काळीजच नाही. लांबच्या वसतिगृहात ठेवायचं म्हणते. फॉर्मसुद्धा आणलाय. मला काही सुचत नाही, बाई."

बाईंनी विचारले, "मामा मेला, हे तिला कुणी सांगितलं?"

"सांगितलं ना. गेला म्हणून तिच्या आईनेच..." आणि बाबा मध्येच थांबले.

दुसऱ्या दिवशी तिघेही आले. आई मांडीवर पर्स घट्ट धरून खुर्चीच्या काठावर बसली. टकळीने मला उचलून कुशीत घेतले. बाई तिच्यासमोर बसल्या आणि एकेक वाक्य सुटे सुटे बोलल्या. "मामाचं शरीर बंद पडलं. त्याचा श्वास थांबला. मामा मेला. मेलेला माणूस परत येत नाही."

'मेला' हा शब्द ऐकताच आईने डोळे मिटून घेतले.

"उद्या येईल?" टकळीने विचारले.

"उद्याही नाही. कधीच नाही."

"मग बूट?"

"त्याला आता बूट लागणार नाहीत."

टकळी माझ्या डोळ्याचे बटण पिरगाळत राहिली, इतके की त्याचा दोरा तुटायला आला. मग ती आईकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मला नव्हतं." तिने बटण सोडले. "तुला माहीत होतं, म्हणून तू रडत होतीस. मला माहीत नव्हतं, म्हणून मी नव्हते रडत."

मित्रांनो, कितीतरी महिने मी दाराआड जाऊन जे शिकवू शकले नव्हते, ते तिने त्या खुर्चीत बसून स्वतःच शोधून काढले.

"चुकलं माझं, बाळा," आई म्हणाली. "मी तुला नीट सांगितलंच नाही."

"आता मी रडू का?"

"रडू आलं तर रड."

"अजून नाही आलं."

"मग नको रडूस." आईने तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही. निघताना आईने पर्समधला फॉर्म बाईंच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

रडू चौथ्या दिवशी आले. शाळेच्या वाटेवर एका वळणाशी मामा तिचे दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेत असे. तिथे ती थांबली आणि ओक्साबोक्शी रडली. आई सोबत होती, तिनेच नंतर बाईंना हे सांगितले.

पुढच्या खेपेला गोटीच्या खेळात मात्र तिने पुन्हा निळीच डबी दाखवली. खोटे कशाला सांगू?

मग दिवस बदलले. चित्रे हलणारी पाटी आली, बोट लावले की ती बोले. माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली. तिथे धूळ होती, एक फुटका पेला होता आणि मी होते. माझे मला काही वाटत नाही, पण तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या वर्गातही एखादे मूल भलत्या वेळी हसत असेल, गंमत कळली नाही म्हणून चिडत असेल. त्याला निर्दय म्हणू नका, त्याची नक्कल करू नका. त्याच्याशी सरळ बोला, आणि कळले नाही तर पुन्हा सांगा.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी कपाट आवरताना मला खाली घेतले. तेवढ्यात दारात एक उंच तरुणी आली. ती आता एका ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे काम करते. तिने बाईंच्या चेहऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिले.

"तुमच्या डोळ्यांत पाणी आहे," टकळी म्हणाली. "वाईट वाटलं म्हणून, की बरं वाटलं म्हणून? मला नुसता चेहरा बघून ओळखता येत नाही, म्हणून विचारते."

"दोन्ही," बाई म्हणाल्या.

"दोन्ही एकदम होतं?"

"होतं कधीकधी."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसली.