पायपेटी

मालनबाईच्या नातीचं, प्रेरणाचं, लग्न टाळेबंदीपायी दोनदा पुढं गेलं आणि शेवटी एकदाचं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच लग्नात मालनबाईच्या पोटात निखारा पडला. धाकट्या जावेला, दगडाबाईला, तिच्या पोरानं, बुद्धभूषणनं, नवा बुलबुलतरंग आणून दिला होता. हळदीच्या दिवशी ती तो मांडीवर घेऊन बसली, तशा सगळ्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. मालनबाईची हातपेटी कोपऱ्यात तशीच राहिली. झाकण उघडा, असंसुद्धा कुणी म्हटलं नाही.

उस्मानपुऱ्यातल्या विहारात तीस वर्षं पेटीवर मालनबाईच बसत आली होती. नवऱ्यानं, कडुबानं, गायनपार्टी मोडली तेव्हा ती पेटी तिच्या हाती दिली होती. आता दर रविवारी वंदना झाली की बायका म्हणायच्या, "दगडाबाई, होऊ द्या तुमचं." मग दगडाबाई मान वाकडी करून म्हणायची, "थोरल्या बाईंना इचारा आधी." ते विचारणं मालनबाईला जखमेवरच्या मिठासारखं झोंबायचं.

वैशाख पौर्णिमा चार दिवसांवर आली, तशी ती एकटीच रिक्षा करून गुलमंडीमागच्या बोळीत जुन्या वाद्यांच्या दुकानात गेली. तिथं बँडवाल्यांची पिचकी क्लॅरिनेटं, तारा गेलेला दिलरुबा, चामडं फाटलेला संबळ, कुण्या मेलेल्या वाजंत्र्याची सनई. तिनं एकेक उचललं, ठेवलं. चांगलं-वाईट हा सवालच नव्हता. दगडाबाईकडं नाही, असं काहीतरी पाहिजे होतं.

कोपऱ्यात चादरीखाली टेबलासारखं दिसलं.

"हे काय वो चाचा?"

"पाँवपेटी है अम्मा. नाटक कंपनी की. नीचे पाँव से हवा देना, ऊपर दोनों हाथ खुले."

"दोन्ही हात?"

"हौ, दोनों."

चाचांनी शेजारी उभं राहून एका पायानं पायटा दाबला. मालनबाईनं बाकड्यावर बसून दहाही बोटं टेकवली. असा भरलेला सूर तिनं जन्मात काढला नव्हता. वाजवताना तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं, दगडाबाईचं उतरलेलं तोंड. संध्याकाळी पायपेटी बाकड्यासकट टेम्पोतून गल्लीत उतरली.

घरी दोन ओळी झाल्या आणि गुडघे आखडले. तिसऱ्या ओळीला पायच उचलेना. दुकानात पाय चाचांचे होते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. हेव्याला गुडघे नसतात. तोवर पौर्णिमेला मालनबाई पायपेटी वाजवणार, हे गल्लीभर झालं होतं. आता माघार घ्यायची म्हणजे नाक कापून घ्यायचं, तेही दगडाबाईपुढं.

आदल्या दिवशी दगडाबाईच दारात उभी.

"वाजवा की बाई. समदी गल्ली कान देऊन बसली."

"तुझ्या तारा तुटल्या का, इकडं आलीस ती?"

"तारा शाबूत हायेत. तुमच्या गुडघ्याच्या तेलाचा वास पार माझ्या घरात आला, म्हणून आले."

दगडाबाई वाकून पायटे बघत राहिली. तिनं चाळीस वर्षं पायमशीनवर लोकांची कापडं शिवली होती.

"सरका तिकडं."

"कशाला?"

"ब्लाऊज शिवायचं हाय. सरका म्हणते ना!"

एका बाकड्यावर दोघी बसल्या. हात थोरलीचे, पाय धाकटीचे.

पौर्णिमेला विहार भरून गेला. सूर भिंतींना लागला, तसा पुरुषांच्या बाजूनं आवाज आला, "वा मालनबाई!" त्याच दमाला हवा बंद. पेटी कण्हली आणि मुकी झाली.

"पायात गोळा आला," दगडाबाई गोड आवाजात म्हणाली.

पुढच्या गाण्याला दगडाबाईनं गळा लावला. बायका म्हणाल्या, "काय आवाज हाय वो दगडाबाई!" लगेच मालनबाईनं दोन्ही हात उचलून पदर सावरायला घेतला.

दोन वर्षं हे असंच चाललं. कुणी एकीचं नाव घेतलं की दुसरी पेटी बंद पाडायची. बुद्धभूषण म्हणाला, "मोठी माय, मोटर बसवून देतो, पायाचं कामच नको." दोघी एकदमच त्याच्या अंगावर गेल्या.

दगडाबाई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पेटी मांडली. पायट्यांवर बुद्धभूषण बसला. त्याचे पाय एका लयीत चालत होते. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हात काय चालतोय मालनबाईचा!"

मालनबाई थांबली नाही, पण हवा तुटायची वाट बघत राहिली. हवा तुटली नाही. सूर सरळ पुढं चालला, कुणीच त्याला अडवलं नाही. दोन ओळी तिनं सोसलं. मग आपले हात आपणच उचलले आणि मांडीवर ठेवले.

दगडाबाई सतरा डिसेंबर दोन हजार चोवीसला, मंगळवारी सकाळी, राहत्या घरी वारली.