जिवंत कुपी

पिंपळगाव राजाच्या भजनी मंडळात मृदंग वाजवावा तो कडूबांनीच. छातीतल्या कफावर डॉक्टरांनी जोरदार गोळ्या दिल्या. कफ गेला, पण जुलाब लागले ते थांबेनात. अंगावर नुसती कातडी राहिली. पोटात टिकायचा तो फक्त दहीभात.

मग नवं औषध आलं, इवल्याशा प्लास्टिकच्या कुप्या. मलकापूरच्या कॉलेजात शिकणारी नात प्रतीक्षा कौतुकानं सांगू लागली, "आबा, यात जिवंत जंतू हायेत. मातीत राह्यतेत, आपल्या पोटातबी. गोळ्यांनी मेले, ते पुन्हा भरायचे."

कडूबांनी गळ्यातली माळ चाचपली. "जिवंत? मंग मले नाही चालत."

"आबा, कोंबडी नाही हो ते!"

"जीव तो जीवच. माळ घालतानी शब्द देला म्या."

चुलीपासून त्यांची बायको अंबूबाई कडाडल्या, "मंग दह्यात काय असते? तेबी जंतूच! रोज तर वाटी चाटूनपुसून खाता!"

संध्याकाळी कडूबांनी दह्याची वाटीही दूर सरकवली. "बरं झालं तू सांगतलं," एवढंच म्हणाले. अंबूबाईंनी स्वतःच्याच तोंडात मारून घेतली.

सकाळी त्या कीर्तनकार पुंजाजी महाराजांना घेऊन आल्या. महाराजांनी जुन्या सोबत्याचा हात हातात घेतला. "कडूबा, तू जीव खाऊन नाही राह्यला बे. तुह्या पोटातलंच बिऱ्हाड ते, उठून गेलतं. दार उघड, येऊ दे घरी."

कडूबांचे डोळे भरले. समेवर डोलायची तशी मान डोलली. "हाव महाराज, घेतो. पण आज एकादशी हाय. उद्या पारण्याले."

"औषधाले कायची एकादशी?"

"पाण्याबिगर काही घेतलं नाही आजवर. एका रातीनं काय होते?"

या एकादशीचा महिमा महाराजांनीच तर जन्मभर गावाला सांगितला होता.

पारण्याला अंबूबाईंनी कुपीचं टोक मोडून ठेवलं आणि उठवायला गेल्या. हात गार लागला.

तेरवीनंतर प्रतीक्षा उरलेल्या कुप्या फेकायला निघाली.

"फेकते काऊन? जिवंत हायेत ना?" अंबूबाईंनी एकेक कुपी तुळशीच्या मातीत रिकामी केली, वर तांब्याभर पाणी घातलं.

"राह्य बाप्पा इथंच," त्या मातीला म्हणाल्या. "त्यायच्या घरी तुले उशीर झाला."