दोन ठोके

घर गरम-गार ठेवणारे हीट पंप बसवणाऱ्या त्या दोघा भावांना सगळे थोरला आणि धाकटा म्हणूनच ओळखायचे. थोरला वरच्या खोलीत तांब्याचे पाइप जोडायचा, धाकटा खाली मशीनपाशी नायट्रोजनचा सिलिंडर घेऊन बसायचा. गॅस भरण्याआधी नायट्रोजन सोडून जोड गळतोय का ते बघावं लागतं. मध्ये दोन भिंती, आणि फोन काढायचा थोरल्याला भारी कंटाळा. म्हणून तो पाइपवर पाना वाजवायचा. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड.

गेल्या वर्षी धाकट्यानं नायट्रोजन सोडला आणि अर्धवट आवळलेल्या नटातून पाइप उसळून थोरल्याच्या कानशिलात बसला. थोरला जागीच गेला. दादानं दोनदा वाजवलं होतं, असं धाकट्यानं सगळ्यांना सांगितलं. वहिनीलासुद्धा. झालं, सगळं खापर मेलेल्याच्या डोक्यावर फुटलं. 'एक नट नीट आवळता आला नाही त्यांना,' म्हणत वहिनी अजून नवऱ्यावर रागावलेली होती.

आज धाकटा एकटाच कामावर होता. भर दुपारी घरात चिटपाखरू नव्हतं; मालकीणबाई किल्ली देऊन बाहेर गेल्या होत्या. त्यानं वरचे नट आवळले, खाली आला आणि व्हॉल्व्हला हात घातला.

टण्.

पाइप वाजला, एकदाच. तांबं तापलं की वाजतं, अशी स्वतःची समजूत घालत तो वर गेला. एक नट बोटानं फिरत होता. पान्यानं आवळल्याचं त्याला पक्कं आठवत होतं.

त्यानं नट पुन्हा आवळला, सगळे जोड दोनदा तपासले आणि खाली आला. व्हॉल्व्हला हात लावला मात्र,

टण्.

"आता काय राहिलं, दादा?" तो ओरडला. वरची खिडकी उघडी होती. वर तर कुणीच नव्हतं. त्यानं पुन्हा हात लावला, पुन्हा एकच ठोका. पाइप त्याच्या तळहाताखाली बारीक थरथरत होता. काय राहिलंय ते त्याला चांगलं ठाऊक होतं. वर्षभर तेवढं एकच तर तो गिळून बसला होता.

तो तिथंच फरशीवर बसला आणि त्यानं वहिनीला फोन लावला.

"वहिनी, त्या दिवशी दादानं दोनदा वाजवलं नव्हतं. एकदाच वाजवलं होतं. मला घाई झाली होती. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सोडलं."

धाकटा तोंडावर हात दाबून रडत होता.

टण्. टण्.

"भाऊजी," वहिनीचा आवाज एकदम बारीक झाला, "तुम्ही एकटेच आहात ना तिथं?"