फाटकाजवळची ओळ

इडवल म्हाताऱ्याचं कुंपण बैलानं धडक दिली तरी हलायचं नाही, हे वेल्सच्या त्या अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं. आणि त्याचं मत तर कुंपणाहून पक्कं. एकदा बोलला की बोलला! चुकलं म्हणून कबूल करणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

अशा माणसाकडे त्याच्या पोरीनं, नेस्टनं, घरामागचा उतार मागितला. कशाला, तर ओकची झाडं लावायला. मेंढ्यांच्या खोऱ्यात झाडं! लोक पोट धरून हसले.

"लाव," इडवल म्हणाला. "रोपांभोवती घालशील त्या नळ्या पाच वर्षांनी काढू. झाडं आपल्या पायावर उभी राहिली तर उतार तुझा. लोळली तर तिथं गेथिनच्या मेंढ्या चरतील."

गेथिन म्हणजे इडवलचा पुतण्या. त्या उतारावर त्याचा डोळा कधीपासून होता.

हरणं, ससे, शेतउंदीर कोवळ्या सालीला सोडत नाहीत, म्हणून नेस्टनं प्रत्येक रोपाला छातीएवढी उंच प्लास्टिकची नळी घातली, तिचं बूड मातीत दाबलं आणि नळीहून आखूड खुंट शेजारी ठोकून नळी त्याला बांधली. झाड मात्र मोकळं. शेंडा नळीबाहेर आला की वाऱ्यात डोलायला हवा. वाऱ्याशी झटापट केल्याशिवाय खोड भरत नाही.

पण कुंपणवाल्याच्या गळी हे कोण उतरवणार?

"हे काय काडीपैलवान ठोकलेस?" म्हणत इडवलनं फाटकाजवळची पहिली ओळ स्वतःच्या हातानं लावली. खुंट माणसाहून उंच, आणि झाड जसं वर येईल तसं त्याला करकचून बांधत गेला. "माझ्या ओळीला हात लावायचा नाही," अशी वर तंबी. नेस्टनं पाच वर्षं लावला नाही.

नळ्या काढायच्या दिवशी निम्मं खोरं हजर होतं. लोकर कातरायला शेजारी येतात तसेच आले, पण खरं सांगायचं तर मजा बघायलाच आले होते. पलीकडच्या शेतातली एलुनेद आजी तर बसायला स्टूल घेऊन आली होती.

"काय गं नेस्ट, झाडांचे पायजमे उतरवायचे ना आज?" गेथिन सुरी परजत म्हणाला. आणि फाटकातून शिरला तो सरळ पहिल्याच ओळीला भिडला.



गेथिननं दोऱ्या कापल्या, नळी उभी चिरून काढली. आतला ओक बोटाएवढा बारीक. क्षणभर थरथरला आणि शेंडा जमिनीला टेकेपर्यंत वाकला. दुसरा, तिसरा, चौथा. सगळे लोटांगण घातल्यासारखे आडवे.

"अरे वा, नमस्कार करताहेत मला!" गेथिन खदाखदा हसला. "काका, उद्याच मेंढ्या सोडू का?"

माणसं हसली. ही ओळ कुणाची हे नेस्टला ठाऊक होतं आणि बापाला. एक शब्द बोलली असती तर उतार वाचला असता, पण सगळ्या खोऱ्यादेखत बापाचं नाक कापलं गेलं असतं. ती नाही बोलली. डोळ्यांत पाणी आलं तेवढं बाहीनं पुसलं.

"लाडावलेली पोरं अशीच लोळागोळा होतात," एलुनेद आजीनं वर मीठ चोळलं.

"गप्प बसा!" इडवल ओरडला. त्याचे कान लाल झाले होते. "ही ओळ माझी आहे."

हसणं जागच्या जागी थांबलं.

"मी लावली. मी बांधली. पोरगी नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. चूक माझी." तो गेथिनकडे वळला. "आण ती सुरी इकडे."

गुडघ्यांची कुरकुर न जुमानता तो उतार चढून नेस्टच्या ओळींत शिरला आणि पहिली नळी त्यानं स्वतः चिरली. मनगटाएवढं खोड. वाऱ्याची झुळूक आली, ओक हलला आणि पुन्हा ताठ उभा राहिला. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी धरून त्याला गदागदा हलवलं. बुडाशी मातीला चीरसुद्धा पडली नाही. मग दुसरी नळी, तिसरी, दहावी. झाडं उभी ती उभीच.

गेथिनचं तोंड उतरलं. एलुनेद आजी मात्र स्टुलावरून उठून डोळ्यांवर हाताची सावली धरून वर बघत राहिली. "इडवल," ती म्हणाली, "असली झाडं या खोऱ्यात मी जन्मात पाहिली नाहीत रे."

इडवलनं घाम पुसला. छाती अशी काही पुढे काढली की कोटाची गुंडी तुटायचीच बाकी होती.

"माझ्या पोरीनं लावलीत," तो म्हणाला. आणि खालच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून, दुप्पट मोठ्यानं, पुन्हा म्हणाला.